पोळ्यानंतरचा ताप आणि जांघेतली काळी खपली (स्क्रब टायफस)

बोरीची_सावली

परवा लेकीला दवाखान्यातून घरी आणलं. सहा वर्षांची आहे. आता वरणभात मागून खाते, भावाशी भांडते, म्हणजे बरी आहे. हे लिहितेय कारण आमचे आठ दिवस भलत्याच आजारांच्या मागे गेले, आणि शेवटी जी खूण सापडली ती ताप आला तेव्हापासून तिच्या अंगावर असणार.

आम्ही नागपूरला राहतो. पोळ्याला वर्धा जिल्ह्यात माझ्या माहेरी गेलो होतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन पोरं घरोघर फिरली, आणि पुढचे चार दिवस लेक रोज आबाजींच्या मागे वावरात. सोयाबीन चांगलं वाढलेलं, धुऱ्यावर (बांधावर) गुडघाभर गवत. तिथेच बसून पोरांनी भातुकली मांडली होती. मी स्वतः तिथे जेवणाचा डबा नेऊन दिला.

परत आल्यावर अकराव्या दिवशी ताप भरला. 103, 104. डोकं दुखतं म्हणून रडायची, पाय दाबून मागायची. चौथ्या दिवशी विडाल (टायफॉईडची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली, टायफॉईड म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. ताप जागचा हलला नाही. सहाव्या दिवशी पेशी (प्लेटलेट) 82 हजार. सगळे डेंगू म्हणायला लागले, पण डेंगूची तपासणी निगेटिव्ह. सातव्या दिवशी सकाळी उठली तर चेहरा सुजलेला, पापण्या फुगलेल्या, खोकला, पोटात दुखतंय. भरती केलं.

आठव्या दिवशी रात्री सासूबाई तिचं अंग ओल्या फडक्याने पुसत होत्या. चड्डीचं इलॅस्टिक जिथे बसतं तिथे, उजव्या जांघेत, मसुराच्या दाण्याएवढी काळी खपली आणि भोवती लालसर कडं. त्या मला म्हणाल्या, "अगं, हिला उदबत्तीचा चटका कधी बसला?" चटका बसलाच नव्हता. लेकीला विचारलं, दुखतं का? नाही म्हणाली. खाजतं का? नाही. रात्रपाळीच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी टॉर्च मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "ही शेतात गेली होती का?"

त्याच रात्री डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप 100 वर, तिसऱ्या दिवशी सकाळी अंग गार. रक्ताचा रिपोर्ट त्यानंतर आला: स्क्रब टायफस पॉझिटिव्ह.

तोवर तिला तीन ठिकाणी तपासलं होतं. छाती पाहिली, पोट पाहिलं, घसा पाहिला. पण कपडे काढून अख्खं अंग कोणी पाहिलं नाही. मीही नाही पाहिलं, आणि अंघोळ तर मीच घालत होते. इथे गावाकडचे, लेकराबाळांचे पुष्कळ लोक आहेत. ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा.

वावरवाला

ताई, लेकरू घरी आलं हे वाचून बरं वाटलं. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि भोवतालच्या जिल्ह्यांत या तापाचे रुग्ण एकदम वाढले होते, माणसंही गेली, तेव्हा हे नाव आमच्या गावात पहिल्यांदा ऐकू आलं. लोक त्याला गोचिडाचा ताप म्हणतात. तो गोचीड नाही ना? बैलांच्या गोचिडाची आम्हाला सवय आहे, पण हा किडा कोणी पाहिल्याचं सांगत नाही.

गावचा_बालरोगतज्ज्ञ

बोरीची_सावली, तुमच्या सासूबाईंनी जे केलं ते आम्ही डॉक्टरांनी पहिल्या भेटीत करायला हवं. मी यवतमाळकडे तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. ऑगस्ट ते नोव्हेंबर हे माझे स्क्रबचे महिने.

आधी वावरवाला यांचं उत्तर. गोचीड नाही. हा माइट नावाचा बारीक किडा. त्याची पिल्लंच फक्त चावतात, त्यांना चिगर म्हणतात. सहा पायांचं, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढं, नारिंगी-लालसर पिल्लू. नुसत्या डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही, म्हणून कोणी पाहिलेलं नसतं. ते गवताच्या पात्याच्या टोकाशी येऊन बसतं आणि उंदीर, घूस जे जवळून जाईल त्याला चिकटतं. माणूस त्याच्या वाटेत चुकून येतो. मोठा झालेला माइट मातीत राहतो, तो चावत नाही. रोगाचा जंतू माइटच्या मादीकडून तिच्या अंड्यांत उतरतो, त्यामुळे एखाद्या धुऱ्यावर तो बसला की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतो. एकाच शेताच्या एका कोपऱ्यात तो असतो, दुसऱ्या कोपऱ्यात नसतो. म्हणून चार पोरं खेळली तरी एकालाच ताप येतो, आणि घरच्यांना वाटतं की शेताचा काही संबंध नाही.

माणसाकडून माणसाला हा होत नाही. लेकराला वेगळं निजवायची गरज नाही.

चावल्यापासून तापापर्यंत 6 ते 21 दिवस जातात, बहुधा 10-12. तुमचा अकरावा दिवस अगदी त्यात बसतो. इतक्या दिवसांत शेत विसरायला होतं. म्हणून मी "काल-परवा कुठे गेला होता" असं विचारत नाही, "गेल्या तीन आठवड्यांत गवतात बसला होता का" असं विचारतो. गावी जाणं लागतं असंही नाही. घरामागे तण माजलं असेल, वाढलेल्या गवताचं मैदान असेल, तर शहरातही होतो.

आता खपली. चिगर जिथे चिकटतो तिथे आधी लाल फुटकुळी, मग मध्ये काळी खपली, सिगारेटचा चटका दिल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून लेकरू सांगत नाही. चिगरला मऊ, ओलसर, कपडा घट्ट बसणारी जागा आवडते. काख, जांघ, कानामागे, बेंबीत, कुल्ल्यांच्या फटीत, मुलांमध्ये वृषणावर किंवा त्याच्या मागे, डोक्यात केसांखाली. दमट जागेत ती काळी न राहता नुसती पांढरट-पिवळी उथळ जखम दिसते आणि नजरेतून सुटते. एक युक्ती सांगतो: गाठी चाचपा. एका बाजूच्या जांघेत अवधाण आलं असेल तर त्या पायावर, कमरेखाली, लघवीच्या जागी नीट शोधा. काखेत गाठ असेल तर तो हात आणि छातीची ती बाजू.

पण खपली सापडली नाही म्हणून स्क्रब नाही, असं कधीच म्हणू नका. माझ्या पुष्कळ पेशंटांत ती सापडत नाही.

काचपट्टी

मी जिल्ह्याच्या ठिकाणी लॅबमध्ये आहे. विडालबद्दल बोलायलाच हवं, कारण आमच्याकडे तापाचं प्रत्येक लेकरू विडालचा कागद घेऊन फिरतं. पूर्वी टायफॉईड होऊन गेला असेल, लस घेतली असेल, किंवा दुसराच एखादा ताप असेल, तरी विडाल थोडी वर दिसू शकते. एकाच विडालवर टायफॉईड ठरवणं धोक्याचं आहे. खात्री करायची तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून पाहणं). आणि टायफॉईड वेगळा, टायफस वेगळा. नावं सारखी असल्याने घरचे लोक "टायफॉईडच आहे, इंजेक्शन चालू आहे" म्हणून निश्चिंत होतात.

स्क्रबसाठी आमच्याकडे दोन गोष्टी होतात. जुनी वेइल-फेलिक्स ही रक्ततपासणी, तिच्या रिपोर्टात ओएक्स-के ही ओळ पाहतात. स्वस्त आहे, पण पुष्कळदा खरा रुग्ण चुकवते. आणि आयजीएम एलायझा, म्हणजे या जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी, ती चांगली. पण तिच्यातही दोन अडचणी. पहिल्या पाच-सात दिवसांत शरीरात प्रतिपिंडं पुरेशी तयार झालेली नसतात, म्हणून तिसऱ्या दिवशी केलेली एलायझा निगेटिव्ह येऊ शकते. तो कागद फाइलमध्ये लागला की पुढचा प्रत्येक जण "स्क्रब निगेटिव्ह" वाचतो आणि पान उलटतो. तारीख बघा, तापाचा कितवा दिवस होता ते बघा, गरज असेल तर परत करा. दुसरी अडचण, आयजीएम आजार गेल्यावरही काही काळ पॉझिटिव्ह राहते. पीसीआर (जंतूचा अंशच शोधणारी तपासणी) करता येते, खपलीचा तुकडा घेऊन केली तर फारच छान, पण ती मोठ्या ठिकाणीच.

आणि एक विनंती. एलायझाची पट्टी एकेका नमुन्यासाठी लावणं परवडत नाही, म्हणून लॅब चार नमुने जमेपर्यंत थांबतात. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागले तर त्यामागे हे कारण असतं. औषध त्यासाठी अडवून ठेवू नका.

दोन_लेकरांचा_बाप

माझी एक शंका आहे, आणि ती मनापासून विचारतो. आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सीसायक्लिन देऊ नये, दात पिवळे पडतात, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोरीची_सावली यांची मुलगी सहा वर्षांची. आणि रिपोर्ट यायच्या आधीच अंदाजाने अँटिबायोटिक देणं बरोबर आहे का? एरवी आपण सगळे विनाकारण अँटिबायोटिक नको म्हणून ओरडतो.

गावचा_बालरोगतज्ज्ञ

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आम्हालाही हेच शिकवलं गेलं होतं, आणि माझ्या मते आजही काही मुलांचे चार-चार दिवस या एका भीतीपायी वाया जातात.

दातांचं खरं आहे ते जुन्या टेट्रासायक्लिनचं. ते कॅल्शियमला घट्ट चिकटतं, वाढत्या दातात बसतं. डॉक्सीसायक्लिन त्याच घराण्यातलं असलं तरी कॅल्शियमला बरंच कमी चिकटतं. अमेरिकेत रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर नावाचा याच्याच जातकुळीचा आजार आहे. तिथल्या मूलनिवासी वस्तीवर आठ वर्षांखाली डॉक्सी मिळालेल्या 58 मुलांचे पक्के दात, औषध न मिळालेल्या मुलांच्या दातांशी ताडून पाहिले. तो अभ्यास 2015 मध्ये छापून आला. डाग सापडला नाही. 2018 पासून तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही म्हणते, 21 दिवसांपर्यंतचा कोर्स कुठल्याही वयात देता येतो. आपल्याला तर सात दिवस पुरतात. आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2015 च्या मार्गदर्शनातही मुलांचा डोस दिलेला आहे: 45 किलोखालच्या मुलाला दिवसाला किलोमागे 4.5 मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन, किलोमागे 10 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पाच दिवस. हे आकडे तुमच्या डॉक्टरांशी बोलता यावं म्हणून दिले आहेत. वजन करून, लेकरू तपासून डोस त्यांनीच लिहायचा. गरोदर बाईला डॉक्सी देत नाहीत, तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिन.

आता अंदाजाने देण्याचं. यासाठी गोरखपूर आठवावं लागतं. तिथे वर्षानुवर्षं पावसाळा संपताना मुलं तापाने, झटक्यांनी, बेशुद्ध होऊन येत आणि शेकड्याने दगावत. सगळं बोट जपानी मेंदूज्वराकडे होतं. 2006 पासून त्याची लस आली, तो आजार घटला, तरी मुलं येतच राहिली. मग तपासण्या झाल्या आणि 2015 च्या सुमारास दिसलं की मेंदूज्वराच्या त्या मुलांपैकी 60 टक्क्यांच्या वर स्क्रबच्या आयजीएमला पॉझिटिव्ह आहेत. ज्याला औषध नाही असं समजत होते त्यातल्या मोठ्या भागाला साधं, स्वस्त, तोंडाने घेण्याचं औषध होतं. मेंदूपर्यंत जायच्या आधी त्या मुलांना कित्येक दिवस नुसताच ताप होता. त्या दिवसांत ती गावातल्या दवाखान्यांत जाऊन आलेली होती. म्हणून पुढे तिथे असं ठरलं की त्या हंगामात ताप घेऊन आलेल्या लेकराला प्राथमिक केंद्रातच डॉक्सी किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू करावं.

मी स्वतः हे प्रत्येक तापाला करत नाही. सर्दी-खोकल्याचा ताप तीन दिवसांत आपला जातो, त्याला काहीच देऊ नये. पण ताप पाचव्या दिवशी तसाच आहे, हंगाम पावसाळ्याचा आहे, गवताशी संबंध आहे, त्यात पेशी कमी, लिव्हरचे आकडे वर, यकृत-प्लीहा हाताला लागते, पापण्या सुजल्या, यातलं काही असेल तर मलेरिया, डेंगू, कल्चर यांसाठी रक्त पाठवतो आणि त्याच संध्याकाळी डॉक्सी सुरू करतो. विनाकारण अँटिबायोटिक याला म्हणत नाहीत. उलट जे नेहमी दिलं जातं, ते सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि त्याच्यासारखी महागडी इंजेक्शनं, या जंतूवर चालत नाहीत. तो आपल्या पेशींच्या आत राहतो आणि जंतूच्या ज्या बाहेरच्या भिंतीवर ही औषधं वार करतात ती त्याला नेहमीसारखी नसतेच. ताई, तुमच्या लेकीचा ताप म्हणूनच हलला नाही.

डॉक्सी सुरू केल्यावर साधारण 48 तासांत ताप उतरतो. नाही उतरला तर मी माझं निदान पुन्हा तपासतो.

बोरीची_सावली

डॉक्टर, हे मला आठ दिवस आधी वाचायला मिळालं असतं तर. आमच्याकडे डेंगूमुळे सगळ्यात जास्त गोंधळ झाला. पेशी कमी म्हटलं की घरात पपईच्या पानांचा रस आला, शेजारचे आणून देत होते. रस दिल्यावर तिला उलट्या झाल्या, म्हणून बंद केला. प्रेमाने आणत होते, त्यांना कसं म्हणू.

गावचा_बालरोगतज्ज्ञ

डेंगूत ताप बहुधा सातव्या दिवसाच्या आत उतरतो, आणि पेशी घसरतात त्या ताप उतरायच्या सुमाराला. पेशी कमी झाल्या आहेत आणि आठव्या दिवशीही 103 आहे, हे डेंगूला फारसं शोभत नाही. तिथे थांबून दुसरा विचार करावा.

कधी लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं तेही लिहून ठेवतो: श्वास जोरात चालतोय, लेकरू गुंगीत आहे किंवा असंबद्ध बोलतंय, झटका आला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले. दुसऱ्या आठवड्यात हा आजार फुप्फुस, मेंदू, हृदय, किडनी कुठेही जातो. तेव्हा तोंडाने औषध पुरत नाही. भारतातल्याच सात केंद्रांवर झालेल्या आणि 2023 मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, गंभीर स्क्रबमध्ये डॉक्सी आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून एकत्र दिलेले रुग्ण एकेकटं औषध मिळालेल्यांपेक्षा चांगले राहिले. त्यात 15 वर्षांचे आणि त्यावरचेच रुग्ण होते, लहान मुलांसाठी तसा पुरावा अजून हवा आहे.

निगाताकर

मी जपानात निगाता भागात असतो. या जंतूचं नाव ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी, त्यातला दुसरा शब्द इथला, अर्थ साधारण "पीडा देणारा किडा". निगाता, यामागाता, अकिता इथे नदीच्या पुराच्या काठाला गवत कापायला गेलेले शेतकरी शेकडो वर्षं या तापाने मरत. अकिताकडे या किड्याच्या नावाची छोटी देवळंसुद्धा आहेत. पहिलं खात्रीचं औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, 1948 मध्ये मलायात रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. लस मात्र आजतागायत नाही, कारण जंतूच्या जाती अनेक, एकीची प्रतिकारशक्ती दुसरीला पुरत नाही. म्हणजे एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही. ताई, लेकीच्या बाबतीत हे लक्षात असू द्या.

वावरवाला

मग आम्ही काय करायचं? गवताशिवाय शेती होत नाही, आणि पोरांना वावरात येऊ नका म्हणणं मला जमणार नाही.

गावचा_बालरोगतज्ज्ञ

येऊ द्या. फक्त गवतावर बसायचं-लोळायचं नाही, पोतं किंवा ताडपत्री टाकून बसायचं. अंगभर कपडे, पायात मोजे. कपडे कुंपणावर, झुडपावर वाळत घालायचे नाहीत, दोरीवर घालायचे. संध्याकाळी घरी आलं की अंगावरचे कपडे बदलून साबण लावून, टॉवेलने घासून अंघोळ. चिगर चिकटल्या चिकटल्या जंतू सोडत नाही, त्याला काही तास लागतात, त्यामुळे ही अंघोळ खरोखर कामाची आहे. घराभोवतीचं तण काढा, धान्य उघडं ठेवून उंदरांना बोलावू नका. आणि त्या अंघोळीला लेकराचं अंग बघत चला.

अकोल्याकडच्यांसाठी एक जोड. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी गोचिडामुळे होणाऱ्या स्पॉटेड फीव्हरवर चांगलं काम केलं आहे. त्यात पुरळ तळहात-तळपायांवरही येतं. स्क्रबमध्ये पुरळ आलं तर बहुधा पोट-पाठीवर. औषध दोघांनाही डॉक्सीच.

इंद्रावती_काठ

सकाळपासून धागा वाचतेय, आता राहवत नाही म्हणून लिहिते. आम्ही गडचिरोलीत. माझ्या बहिणीचा मुलगा, नऊ वर्षांचा, आज सहावा दिवस तापाचा. मलेरियाची तपासणी दोनदा केली, निगेटिव्ह. आमच्याकडे ताप म्हणजे मलेरियाच धरतात. तुमचं वाचून आत्ता त्याला दिव्याखाली उभा करून कानामागपासून तळव्यापर्यंत बघितलं. खपली नाही. पण मानेत गाठी आहेत, डोळे लाल आहेत, आणि मागच्या पंधरवड्यात तो गुरांमागे होता.

गावचा_बालरोगतज्ज्ञ

मानेत गाठी आहेत ना? मग केस पांगवून डोकं बघा, कानामागची घडी उलगडून बघा. सापडलं नाही तरी उद्या सकाळीच ग्रामीण रुग्णालयात न्या आणि हे जसं इथे लिहिलंत तसंच सांगा: सहावा दिवस, मलेरिया दोनदा निगेटिव्ह, गुरांमागे गवतात होता, गाठी. "स्क्रब असू शकेल का?" असं सरळ विचारा. कुठलाही चांगला डॉक्टर यावर रागावत नाही. रात्रीत गुंगी किंवा धाप वाटली तर सकाळची वाट पाहू नका.

इंद्रावती_काठ

काल सकाळी नेलं. डॉक्टरबाईंनी पूर्ण तपासलं, त्यांनाही खपली दिसली नाही. रक्त पाठवलं, रिपोर्टला तीन-चार दिवस म्हणाल्या, पण औषध तेव्हाच दिलं. दूध आणि गोळी एकत्र नको, भरपूर पाण्याबरोबर द्या, घेतल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका, एवढं सांगितलं.

बोरीची_सावली

आमच्याकडेही हेच सांगितलं होतं. दूध दोन तासांनी द्यायचं. आता कसा आहे?

इंद्रावती_काठ

काल रात्री 102 होता. आज दुपारपासून 99. मघाशी उठून बसला आणि विचारत होता की त्याच्या शेळीला कोणी चारा घातला का. रिपोर्ट अजून आलेला नाही. बाईंनी सात दिवस पूर्ण करायला सांगितलं आहे, आज दुसरा. रिपोर्ट आला की इथे लिहीन.